मेणातले दात

१३ मे
कूलर नुसता गरम वारा फेकतोय. मेण टेबलावर ठेवलं तरी मऊ पडतं, मांडलेले दात सरकतात. प्रत्येकीच्या शेजारी बर्फाच्या पाण्याची वाटी. नागपूरच्या उन्हाळ्यात दात मांडायचे तर सकाळी आठच्या आत नाहीतर रात्री, असं सीनियर सांगून गेले होते. खरं आहे.

१५ मे
सकाळी ओपीडीत. केसपेपरच्या रांगेपाशी आम्ही सगळे फायनल इयरवाले उभे. दात नसलेला माणूस लांबूनच कळतो. गाल बसलेले, हनुवटी पुढे.
एक आजोबा भेटले. भिवापूरकडचे. आधारकार्डावर वय ७३. शेवटचा दात दोन वर्षांपूर्वी हलत होता, तो स्वतःच ओढून काढला म्हणाले. भाकर दुधात कुस्करून खातात.
वरची हिरडी चांगली. खालची पार झिजलेली, सपाट. मॅडमनी बोट फिरवून बघितलं. ‘लोअर कठीण आहे. घेशील?’
घेतली. माझी सीडी. आमच्यात असंच म्हणतात. कम्प्लीट डेन्चर म्हणजे सीडी, आणि सीडी म्हणजे माणूस.

१७ मे
पहिलं माप. गरम पाण्यातला कंपाउंडचा गोळा ट्रेमध्ये भरून तोंडात दाबायचा आणि थंड होईपर्यंत हलायचं नाही. बऱ्याच जणांना उमळतं. आजोबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला, डोळ्यांतून पाणी आलं, पण ट्रे निघेपर्यंत हूं की चूं नाही. सगळे विद्यार्थी त्यांना बाबाजी म्हणतात, मीही म्हणते.
संध्याकाळी प्लास्टर ओतलं. मॉडेल छान आलं. एका माणसाचं अख्खं तोंड टेबलावर.

२० मे
सायली रात्री दोनपर्यंत मेण कोरत बसली होती. फर्स्ट इयर. वरची पहिली दाढ. चार टोकं जमली, पण आतल्या बाजूचं कॅराबेलीचं बारकं टोक जमेना. तिरकी कड दोनदा कापली गेली. रडवेली झाली.
तिचा प्रश्न: ‘ताई, पेशंट कधी?’
थर्ड इयरला. तोवर शवविच्छेदन, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, मग पॅथॉलॉजी, फार्मा. आणि सतत मेण, प्लास्टर, फँटम हेडवरचे प्लास्टिकचे दात. दोन वर्षं जिवंत तोंडात हात नाही. तेव्हा मलाही ते फुकट गेल्यासारखं वाटायचं. आता वाटत नाही. दाढेचा आकार पाठ असून चालत नाही, बोटांना माहीत असावा लागतो. किडलेली दाढ समोर आली की निम्मी गेलेली असते. उरलेली निम्मी कुठे असायला हवी होती, ते हातानं आठवायचं असतं.
हे तिला सांगितलं नाही. नवीन ब्लॉक दिला.

२४ मे
बॉर्डर मोल्डिंग. सगळी सकाळ. स्पिरिटच्या दिव्यावर ग्रीन स्टिक तापवायची, ट्रेच्या कडेला लावायची, गरम पाण्यात बुडवून तोंडात. ओठ पुढे करा. गाल ओढू द्या. जीभ बाहेर. जीभ डावीकडे. आ करा. कडा स्नायूंच्या हालचालीनं घडते, म्हणून पेशंटलाच घडवावी लागते. एकदा नव्हे, थोडी थोडी, चहूबाजूंनी.
मग झिंक ऑक्साइड युजेनॉलचं माप. ‘लवंग हाय का जी, बाई?’ हो, लवंगेच्या तेलातलंच.
सरांनी वरचं पास केलं. खालचं पुन्हा.
बाबाजी पहाटेच्या एसटीनं निघालेले, पोटात काही नाही. दुपारी गेटबाहेर पोहे दिले, तर्री वेगळी ठेवून. तिकीट अर्धं लागतं त्यांना. ‘पंच्याहत्तर झाले का फुकट. कागदावर त्र्याहत्तरच हाय न. खरं वय कोनाले ठाऊक.’

२८ मे
बोर्डावर कोटा लागला. कोणाचं किती झालं, किती बाकी. रंगीत खडूनं.

३० मे
जबड्याचं नातं नोंदवलं. नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका, हनुवटीवर एक. स्वस्थ बसलेले असताना अंतर मोजायचं, मग मेणाच्या कडा मिटवून मोजायचं. फरक २ ते ४ मिलिमीटर राहायला हवा, नाहीतर कवळी दिवसभर आपटत राहते आणि माणूस थकतो.
दात गेल्यावर जबडा पुढे ढकलून चावायची सवय लागते. ‘दाबा’ म्हटलं की बाबाजींचा जबडा पुढेच. ‘जीभ टाळूला मागे लावा, आवंढा गिळा, मग मिटा.’ कितीतरी वेळ तेच. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि जबडा आपोआप जागेवर आला.

५ जून
काल नीटचा निकाल. लातूरहून मामेभावाचा, ओंकारचा फोन. मामा शेजारी असणार, कारण तो हळू बोलत होता. एमबीबीएस सरकारीत मिळणार नाही. डेंटल मिळेल. ‘घेऊ का, का परत ड्रॉप घेऊ?’
दोन दिवस दे म्हटलं.

७ जून
ओंकारला लिहिलं:
चार वर्षं कॉलेज, एक वर्ष इंटर्नशिप. परीक्षा नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या. फायनलला आठ विषय. त्यानंतर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत नोंदणी, त्याशिवाय पाटी लावता येत नाही. पुढे शिकायचं तर एमडीएस, तीन वर्षं, नऊ शाखा, त्याची नीट वेगळी. हत्यारं स्वतः विकत घ्यावी लागतात, तो खर्च मामाला आधीच सांग.
नातेवाईक विचारतील, मेडिकल नाही का मिळालं. चारही वर्षं विचारतील.
हाताचं काम आवडत असेल तर ये. मार्क कमी पडले म्हणून येणार असशील तर एक महिना कुठल्यातरी डेंटिस्टच्या दवाखान्यात जाऊन बस, लाळ, रक्त, वास सगळं बघ. मग ठरव.
पाठवलं. थोडं कडक झालं का? असू दे.

१० जून
ट्राय-इन. मेणात मांडलेले दात पहिल्यांदा तोंडात. आकडे म्हणायला लावले. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. स आणि ष नीट निघाला की उंची बरोबर. बाबाजी सत्तरच्या पुढे शंभरपर्यंत गेले, थांबवलं तरी थांबेनात.
आरसा दिला. बराच वेळ बघत होते.
‘लय पांढरे नको, बाई. लोक म्हनतीन म्हतारा नवरदेव झाला.’
रंग एक छटा खाली घेतला. खालच्या मागच्या दाढा सरांनी आणखी आत घ्यायला सांगितल्या, सपाट हिरडीच्या बरोबर मधोमध. जिभेला जागाही सोडायची. पुढच्या मंगळवारी पुन्हा ट्राय-इन, मग प्लास्टिक.

१८ जून
बाबाजी आले नाहीत. रात्री इथे पाऊस पडला.

१९ जून
मुलाचा नंबर बंद.

२६ जून
फोन लागला. आजी बोलल्या. ‘थे वावरात हाय जी. पेरनी सुरू हाय. दात काय, मंग लावतीन.’
खरंच आहे.

१ जुलै
ओरल मेडिसिनची पोस्टिंग. ऑटो चालवणारा मुलगा, माझ्याच वयाचा. तोंडात दोन बोटं जेमतेम जातात, एरवी तीन जायला हवीत. गालाला आतून हात लावला, ताठ पट्टे. तिखट सहन होत नाही म्हणून आला. तोंड उघडत नाही ही तक्रार नव्हतीच, ते त्याला सवयीचं झालंय.
खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना. अकरावीपासून.
सुपारीनं गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं. खर्रा सोडला तरी ते पहिल्यासारखं मऊ होत नाही, फक्त वाढायचं थांबू शकतं. काहींना यातून कॅन्सर होतो. मॅडमनी हे त्याला सगळं सांगितलं, आवाज न चढवता, खुर्ची त्याच्या समोर ओढून. मी अंतर मोजून केसपेपरवर लिहिलं.
सगळा वेळ त्याचा हात शर्टाच्या खिशावर होता.
गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. या पोस्टिंगमध्ये एक दिवस असा जात नाही की असं तोंड येत नाही. आम्हाला दात शिकवतात, पण इथे दातांपेक्षा गाल आधी जातो. विदर्भात दात शिकणाऱ्यानं हे पहिल्या वर्षापासून बघायला हवं. थर्ड इयरपर्यंत थांबू नये.

४ जुलै
पीजी ताई म्हणाली, बाबाजींची केस बंद कर, दुसरा पेशंट पकड. कोटा राहिला तर प्रॅक्टिकलला बसू देणार नाहीत. तिचं चुकत नाही.

९ जुलै
पाऊस गायब. फोन केला. मुलगा बोलला. दुबार पेरणी. बियाणं परत उधारीवर. कवळीबद्दल मी विचारलंच नाही.

१५ जुलै
नवीन सीडी. मानेवाड्याच्या काकू, शाळेत आया होत्या. घर जवळ, वेळेवर येतात, डबाही घेऊन येतात. दोन्ही हिरड्या उत्तम.

२२ जुलै
मेसच्या फ्रिजमध्ये बाबाजींचा डबा. दात मेणात, आर्टिक्युलेटरवरून काढून पाण्यात ठेवलेले. झाकणावर नाव आणि ‘हात लावू नये’. मावशी रोज विचारतात, हे कधी काढणार.

२ ऑगस्ट
काकूंची कवळी क्युरिंगला टाकली. ७४ अंशांचं पाणी. घाई केली तर प्लास्टिकमध्ये बुडबुडे धरतात. टाकीपाशी बसून पेरिओचं वाचलं.

९ ऑगस्ट
काकूंनी आरशात बघून आधी केस नीट केले, मग दात बघितले.
सही मिळाली. कोटा पूर्ण. बोर्डावर माझ्या नावापुढे टिक.

१० ऑगस्ट
कपाट आवरायला सांगितलंय. जुनी मॉडेल्स फेकायची. एकेकाचे जबडे बादलीत पडत होते, प्लास्टरचा आवाज होतो तो. बाबाजींची मॉडेल्स वर्तमानपत्रात गुंडाळून खोलीवर आणली.
मार्कांसाठी आता ती नकोत. म्हणूनच नीट विचार करता येतोय. आमचं अख्खं शिक्षण या माणसांच्या वेळेवर चालतं. सरावलेला डॉक्टर जे वीस मिनिटांत करेल त्याला आम्हाला सकाळ लागते. मध्ये सर येणार, बघणार, पुन्हा करायला सांगणार. तेवढा वेळ हे तोंड उघडून बसतात. रोजी बुडते, गाडी चुकते. फी कमी आहे म्हणून येतात हे खरं. पण आमच्याकडे काय जमा होतं ते फीच्या पावतीवर कुठेच नाही. त्यांच्याकडे अर्धवट राहिलेलं काम आपलं देणं आहे. कोटा संपला म्हणून ते फिटत नाही.

२० ऑगस्ट
पेडोत सात वर्षांची मुलगी. खालची पहिली दाढ पोखरलेली. आई म्हणाली, ‘दुधाचीच आहे ना, पडेल.’
पक्की आहे. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे येते, तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून घरात कळत नाही. आयुष्यभराची दाढ आणि सात वर्षांच्या वयात निम्मी गेलेली. वाचवता येईल असं वाटतंय. एक्स-रे उद्या.
अंगणवाडीत हे एवढं एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवलं तर किती दाढा वाचतील.

२ सप्टेंबर
पोळा. मुली गेल्या बघायला. मी झोपले.

५ सप्टेंबर
बाबाजी आले!
ओपीडीत नाही, सरळ डिपार्टमेंटच्या दारात. पिशवीत भुट्टे. ‘उशीर झाला बाई. रागावल्या असान.’
काय बोलावं सुचेना. भुट्टे घेतले. वजन कमी झालंय त्यांचं, गाल आणखी आत.
सोयाबीन बरं आहे म्हणाले.

६ सप्टेंबर
जुनी मांडणी तोंडात घालून बघितली. बसत नाही. महिने गेले, हिरडी आणखी उतरली, आणि चावण्याची जागाही हलली. नवीन माप घ्यायला हवं. मॅडम म्हणाल्या, ‘प्रिलिम तोंडावर आहे, कोटा झालाय तुझा. पीजीकडे देऊ का?’
नको म्हटलं.
त्यांनी मान डोलावली आणि स्वतः हातमोजे घातले. खालचं बॉर्डर मोल्डिंग आम्ही दोघींनी केलं. जिभेखालची कडा कशी उचलायची ते मला आज कळलं. पुस्तकात तीन ओळी आहेत त्याच्या. मॅडमच्या बोटाला ते अंतर ठाऊक आहे, माझ्या बोटाला अजून नाही.

१३ सप्टेंबर
जबड्याचं नातं. या वेळी पहिल्या झटक्यात.

१९ सप्टेंबर
ट्राय-इन. बाबाजींनी न सांगता साठपासून सुरुवात केली.

२४ सप्टेंबर
कवळी दिली. वरची एकदम घट्ट, ओढली तरी निघेना. खालची बसते, पण जीभ उचलली की हलते. सांगितलं: आठवडाभर मऊ खा, लहान घास, दोन्ही बाजूंनी चावा. झोपताना काढून पाण्यात ठेवा. पेपर मोठ्यानं वाचा.
‘वाचता कुठं येते मले.’
मग गावातल्या पोरांना गोष्टी सांगा, म्हटलं.

२५ सप्टेंबर
मुद्दाम ठेवून घेतलं होतं एक रात्र, त्यांच्या भाच्याकडे. उजवीकडे खाली लाल झालंय. टोचणारी कड घासली, पॉलिश केलं. आता दुखत नाही म्हणाले. ‘खरं सांगा’ म्हटलं. ‘थोडकं.’ पुन्हा घासली.

८ ऑक्टोबर
ओंकारनं बीडीएस घेतलं. कोणाच्या तरी दवाखान्यात खरंच महिनाभर जाऊन बसला होता, हे मामीकडून कळलं. मला बोलला नाही.

२१ नोव्हेंबर
आठ विषय. ऑर्थो अजून उघडलेलं नाही. कम्युनिटी डेंटिस्ट्रीचे इंडेक्स डोक्यातून गळतात. जेवण गिळवत नाही. आईला फोन केला, आवाज ऐकून ठेवला.

११ डिसेंबर
प्रॅक्टिकल. प्रोस्थोसाठी दात नसलेला पेशंट आपला आपण आणायचा. रात्रभर जीव टांगणीला, येईल की नाही. आल्या, काकूंच्या नणंदबाई. रिक्षाचं भाडं मी दिलं, पोहे मी दिले. बॅचमध्ये सगळ्यांनीच दिले.
एक्स्टर्नलनी माप उलटसुलट फिरवून बघितलं. जिभेखालच्या कडेवर अंगठा ठेवला. ‘हे कोणी शिकवलं?’
मॅडमचं नाव सांगितलं.

२४ डिसेंबर
डॉ. रफिउद्दीन अहमद यांचा जन्मदिवस. ज्युनियर्सनी भाषणं केली. १९२० मध्ये कलकत्त्यात देशातलं पहिलं डेंटल कॉलेज त्यांनी काढलं. अमेरिकेत आयोवाला शिकून आले आणि इथे शिकवणारं कोणी नाही म्हणून शाळाच काढली. सायलीनं भाषण छान केलं. नंतर खिशातून मेणाची दाढ काढून दाखवली. कॅराबेलीचं टोक आहे.

१२ फेब्रुवारी
पास. सगळे विषय.
बाबा फोनवर नुसतं ‘बरं, बरं’ म्हणत राहिले.

३ मार्च
इंटर्नशिप. पहिली पोस्टिंग ओरल सर्जरी. सकाळपासून दात काढणं. भूल दिली, खालचा ओठ जड झाला का विचारलं, हो म्हणाला तेव्हाच फोर्सेप्स हातात घेतला. बाजूला थर्ड इयरचा मुलगा उभा, त्याचा हात थरथरत होता. त्याला म्हटलं, आधी नुसता गाल बाजूला धर. प्रकाश माझ्याकडे राहू दे.

११ मार्च
बाबाजींचा फोन. तूर विकली. वरची कवळी दिवसभर घालतात, आता गावात कोणी विचारतही नाही. खालची?
‘थे लग्नाले घालतो.’
जेवताना उचलते म्हणे, शेंगदाण्याचा कूट खाली शिरतो, म्हणून काढून ठेवतात. अपेक्षित होतं. हिरडीच तेवढी आहे. रिलाइन करून बघावं लागेल. तरी नाही राहिली तर मॅडमशी बोलून दुसरा मार्ग.
प्रोस्थोची पोस्टिंग जूनमध्ये आहे माझी, पण तोवर पुन्हा पेरणी येईल. ओरल सर्जरीच्या सरांना विचारून घेतलं, दुपारी सुटका मिळेल. होळीनंतरच्या सोमवारी बोलावलंय. आदल्या रात्रीपासून दोन्ही काढून ठेवा म्हटलं, हिरडीला आराम हवा. फडक्यात गुंडाळू नका, कोरडी पडली तर वाकते, डबीत पाणी घालून आणा. आणि येताना पोटभर खाऊन या.
मॅडमच्या वहीत खुर्ची लिहून आले. सोमवार, दुपारी दोन.